जुन्या गाडीचा एसी: थंड येईना, गरम थांबेना

गंजकापत्रा (धागाकर्ता):
मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे १९८२ ची पाच सिलेंडरची डिझेल सेडान आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मागच्या वेळी टाकलं तर गाडी राहिली बाजूला आणि कुणाची कंपनी भारी यावर दोन पानं भरली. इंजिन झालं, ब्रेक झाले, पत्रा झाला. राहिलाय तो एसी आणि हीटर, आणि तो काही केल्या दाद देत नाही.

लक्षणं सांगतो. गार इंजिनवर गाडी सुरू केली की एसी झकास, मधल्या जाळीतून मस्त गार हवा. आठ-दहा मिनिटं. मग हळूहळू कोमट, आणि अर्ध्या तासाने तर एसी बंद करून काच खाली केलेली बरी अशी अवस्था. दोनदा गॅस भरून झाला, फरक शून्य. दुसऱ्यांदा भरणारा म्हणाला कंप्रेसर बसलाय. पायापाशी कायम गरम हवा, बटण कुठलंही दाबा. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो, खालचे सगळे मेलेत. आणि कंप्रेसर मधूनच कट व्हायचा म्हणून तिथल्या एका स्विचचा कनेक्टर काढून वायरचा तुकडा घालून शॉर्ट केलाय, तेव्हापासून निदान चालू तरी राहतो.

किल्ली बंद केल्यावर इंजिन तीन-चार सेकंद चालूच राहतं, पण त्याचा वेगळा धागा काढीन.

नवा कंप्रेसर मागवायचं चाललंय. कुणी बदललाय का, कुठला टाकू?

चौथागिअर:
वाचतोय. माझ्या गाडीचा ब्लोअर पण फक्त फुल्ल स्पीडला चालतो, मला वाटायचं त्या काळी तेवढीच स्पीड देत असतील :)

जुनंखोड:
गंजकापत्रा, आधी ती वायर काढा. हा प्रतिसाद पूर्ण वाचायच्याही आधी.

तुम्ही शॉर्ट केलाय तो लो प्रेशर स्विच असणार. गॅस कमी झाला की तो कंप्रेसरची लाइन तोडतो, उगाच नाही तोडत. तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत तो चपटा रेडियल कंप्रेसर असतो, चार पिस्टन चांदणीसारखे मांडलेले. त्याला तेलाची वेगळी टाकी नसते, गॅसबरोबर फिरून जेवढं तेल परत येईल तेवढ्यावरच त्याचं चालतं. गॅस कमी म्हणजे परत येणारं तेल कमी, आणि मग तो खरोखरच बसतो, आणि बसताना आतला चुरा पुढे कंडेन्सरपर्यंत ढकलून देतो. मग नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही, कंडेन्सर (पुढची जाळी, जिथे गॅस उष्णता बाहेर टाकतो), ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा), एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅस मोजून पुढे सोडणारा) सगळी वरात.

आता मूळ दुखणं. गार इंजिनवर गार हवा येते म्हणजे कंप्रेसरला काही झालेलं नाही. इंजिन तापलं की बिघडतं. तर इंजिन तापल्यावर केबिनच्या बाजूला नवीन काय घडतं? हीटरमध्ये ऐंशी-नव्वद अंशाचं पाणी यायला लागतं. एव्हापोरेटर (एसीची हवा गार करणारी जाळी) आणि हीटर कोअर (गरम पाण्याची जाळी) एकाच डब्यात एकामागे एक बसलेले असतात. मला वाटतं तुमचा एसी इमानदारीत हवा गार करतोय आणि चार बोटांवर बसलेला हीटर तीच हवा परत तापवून तुमच्या तोंडावर मारतोय. पायाशी सतत गरम हवा, ही पण तीच चुगली.

कंप्रेसर मागवू नका. आणि तो वेगळा धागाही काढू नका, किल्लीचं लक्षण याच धाग्यातलं आहे, त्यावर नंतर.

नटबोल्ट:
काका, असहमत. हे शंभर टक्के कंप्रेसरच्या क्लचच्या (पुलीला कंप्रेसर जोडणारा चुंबकी क्लच) फटीचं लक्षण आहे. क्लचची पुढची ताटली आणि पुली यांच्यात अर्धा मिलिमीटरच्या आसपास फट असायला हवी, घासून घासून ती वाढते. कॉइल गार असताना ताटलीला कशीबशी खेचून धरते, बॉनेटखाली तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी, चुंबक लुळं पडतं, ताटली सुटते. दहा मिनिटं गार मग कोमट, हुबेहूब हेच. माझा अख्खा एक उन्हाळा यात गेलाय, शेवटी ताटलीमागची एक शिम (पातळ चकती) काढली आणि काम फत्ते.

जुनंखोड:
नटबोल्ट, मुद्दा बरोबर आहे, मी तो धरायला हवा होता. मग भांडण कशाला, गाडीलाच विचारू.

गंजकापत्रा, एसी लावून हवा कोमट होईपर्यंत गाडी चालवा, मग बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवूनच लांबून क्लचकडे बघा. बाह्या वर, मफलर-ओढणी काही लोंबतं नको, पट्ट्याजवळ हात नको. पुली फिरतेय पण पुढची ताटली स्तब्ध, तर नटबोल्ट जिंकले. ताटली पण फिरतेय, तर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) बाहेर येणारी एसीची जाड नळी हाताने बघा. ती गार, घाम फुटलेली आणि आत जाळीतून मात्र कोमट हवा, तर गारवा तयार होतोय आणि वाटेत लुटला जातोय.

मग खात्रीसाठी हीटरचं पाणी तोडा. रबरी नळी मऊ असेल तर रुंद गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने दाबून बंद करता येते, पण पक्कड लावू नका, जुनी नळी तिथेच चिरते. नळी कडक झाली असेल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर दोन्ही नळ्या हीटरकडून सोडवा आणि पाइपच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. आणि जाळीत थर्मामीटर खोचा, हाताच्या अंदाजावर या कामात विश्वास ठेवायचा नाही.

हवाबाण:
धागा सुसाट. आमच्या एअरकूल्ड गाडीला हे भाग्य नाही, पाणीच नाही तर हीटरला पाणी कुठलं. आमचा हीटर म्हणजे एग्झॉस्टभोवती पत्र्याचं जॅकेट, त्यातून पंख्याची हवा जाते आणि केबिनमध्ये येते. जॅकेटच्या आतला पाइप गंजून सडला की धूर पण हवेबरोबर आत. हीटर लावल्यावर डोकं जड होत असेल तर गाडी जुनी झाली म्हणून वास येतोय असं म्हणून सोडू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. मी दर वर्षी जॅकेट काढून टॉर्च मारून बघतो, वेल्डिंगची डागडुजी करत नाही, सरळ बदलतो.

गंजकापत्रा:
केलं सगळं. आधी वायर काढली (कान पकडले).

गार इंजिनवर जाळीत ८ अंश. वीस मिनिटांनी २१. बॉनेट उघडून बघितलं तर ताटली व्यवस्थित फिरतेय, आणि जाड नळी एवढी गार की हातावर पाणी आलं. नटबोल्ट भाऊ, सॉरी. मग दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर हीटरच्या नळ्या सोडवून बायपास केला आणि परत चक्कर मारली. ९ अंश. चाळीस मिनिटं झाली तरी ९! मी सिग्नलला उभा राहून त्या थर्मामीटरकडे बघून हसत होतो.

म्हणजे ज्या कंप्रेसरला मी भंगारात काढणार होतो तो बिचारा ठणठणीत. पण मग गॅस भरताना गेज लावलं होतं की, त्यात हे काहीच कसं कळलं नाही?

स्पॅनरवाली:
गेजला गॅस कळतो, हीटर कसा कळणार :) आणि दुसरं, बंद गाडीवर गेज लावून "प्रेशर भरपूर आहे, गॅस फुल आहे" असं जे सांगतात त्याला काही अर्थ नसतो. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. १३४ए हा एसीचा गॅस असेल तर २७ अंशाला ते ८७-८८ पीएसआय दाखवणार, मग आत पाव किलो असो की किलोभर. गॅस किती आहे ते फक्त काढून तोलून कळतं.

आता दादा, तुमचा हीटरचा व्हॉल्व्ह. बटणांची ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्या त्या पिढीच्या गाड्यांत तो बहुधा विजेवर चालतो, आणि गंमत म्हणजे करंट आला की बंद होतो, करंट गेला की उघडतो. थंडीत काच धुक्याने भरण्यापेक्षा गरम झालेलं परवडलं, असा त्या लोकांचा हिशोब असावा. पण त्यामुळे वायर तुटो, फ्यूज जावो, आतलं रबर फाटो, निकाल एकच, हीटर चालू. आधी कनेक्टरवर मीटर लावून बघा, बटण सगळ्यात थंडवर ठेवल्यावर १२ व्होल्ट येतात का. येत असतील तर व्हॉल्व्ह उघडा. येत नसतील तर बटणांचा डबा काढून आतले टाके भिंगाखाली बघा, चाळीस वर्षांच्या बोर्डावर टाक्याभोवती केसाएवढी गोल चीर असते, परत सोल्डर केलं की जिवंत.

आणि किल्लीचं: तुमच्या डिझेलला बंद व्हायला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोलसारखा स्पार्क तोडला की संपलं असं नाही ना, पंपावरचा एक डायफ्रॅम व्हॅक्यूमने ओढला जातो तेव्हा इंधन तुटतं. आणि डॅशबोर्डमधल्या हवेच्या झडपासुद्धा त्याच व्हॅक्यूमवर उघडमीट करतात. झडप ओढणारा एखादा व्हॅक्यूमचा डबा आत फाटला की सगळी लाइन गळते आणि इंजिन बंद व्हायला आढेवेढे घेतं. म्हणून काका म्हणाले वेगळा धागा नको.

जुनंखोड:
ताई, मी टायपायला बसलो होतो, तुम्ही सगळं लिहून टाकलंत. एकच भर, दरवाजांचं सेंट्रल लॉक व्हॅक्यूमचं असेल तर गळती तिथेही असू शकते. आधी क्लायमेटकडे जाणारी नळी इंजिनच्या बाजूला काढून तोंड बंद करा आणि किल्ली फिरवून बघा.

चौथागिअर:
अवांतर: १९४० च्या पॅकार्डमध्ये कारखान्यातूनच एसी मिळायचा, गार करणारं यंत्र मागे डिकीत, आणि कंप्रेसरला क्लचच नाही. एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा. आणि आपण इथे बटण दाबलं तर ऐकत नाही म्हणून रडतोय.

नटबोल्ट:
पट्टाच काढून ठेवला की क्लचच्या फटीचा प्रश्न मिटला. मी हरलो ते याच शतकात.

गंजकापत्रा:
व्हॉल्व्ह उघडला. कनेक्टरवर १२ व्होल्ट येत होते म्हणजे बटणांचा डबा सुटला. वर चार स्क्रू, त्यातला एक गोल झालेला, त्यानेच एक तास खाल्ला. आत एक स्प्रिंग, पितळी दांडी आणि खाली रबराचा डायफ्रॅम. सगळं तपकिरी गाळाने माखलेलं. धुऊन बोटाने जरा ताणलं तर डायफ्रॅमला नखाच्या कोरीसारखी अर्धगोल फट, बंद असताना दिसतही नाही, ताणली की तोंड उघडते. एवढ्याशा फटीसाठी मी दोनदा गॅस भरला! नुसतं आतलं किट मिळतं, पूर्ण व्हॉल्व्ह लागत नाही, ते मागवलंय.

गाळ बघून एक शंका, नळ्या सुटलेल्याच आहेत तर हीटर कोअर पण धुऊन घेऊ का?

जुनंखोड:
घ्या, पण उलट्या दिशेने, म्हणजे पाणी जिथून बाहेर येतं तिथून आत, आणि धार हलकी. नळाला लावून पूर्ण जोरात सोडलं की जुन्या पितळी कोअरचे झाळलेले सांधे उघडतात, मी उघडलेत एकदा. पाणी दोन्ही दिशांनी स्वच्छ आणि सारख्या वेगाने यायला लागलं की थांबा. मग डॅशखालचं कार्पेट उचलून हात लावा. ओलं असेल आणि गोडसर वास, काचेवर आतून तेलकट थर, तर कोअर गळतोय. ओलं आहे पण वास नाही, नुसतं पाणी, तर एव्हापोरेटरची ड्रेन नळी तुंबलीय, ती खालून तारेने मोकळी करा. या दोन्हीत गल्लत करून चांगला कोअर काढायला डॅश उघडणारे कमी नाहीत.

चौथागिअर:
माझा ब्लोअर झाला मंडळी! नटबोल्टने व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं की फुल्ल स्पीडला करंट थेट जातो आणि खालच्या स्पीडला रेझिस्टरमधून, म्हणून फक्त शेवटची स्पीड चालत असेल तर मोटर नाही, रेझिस्टर. तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, ब्लोअरच्याच वाऱ्याने गार राहावा म्हणून. काढला तर स्प्रिंगसारखं वेटोळं मधोमध तुटलेलं आणि त्याच्या आजूबाजूला उंदराचं सुखी कुटुंब राहून गेल्याच्या खुणा, पानं, कापूस, सीटचा फोम. वारा अडला, वेटोळं जळालं. गंजकापत्रा, तुझं पण तेच असणार, व्हॉल्व्ह येईपर्यंत उघडून बघ.

गंजकापत्रा:
उघडलं. तुझ्याकडे कुटुंब होतं, माझ्याकडे वसाहत. रेझिस्टर तुटलेलाच. शिवाय ब्लोअरचा फ्यूज काढला तर टोकं काळी पडलेली, घासून बसवला.

व्हॅक्यूमचं पण बघितलं. क्लायमेटची नळी काढून तोंड बुजवलं, किल्ली फिरवली, इंजिन फटकन बंद! म्हणजे गळती आतच आहे. आता रंगीत नळ्यांच्या झुबक्यासमोर बसलोय, पुढे काय?

स्पॅनरवाली:
हातपंप लावा गेजवाला. एकेक नळी घ्या, गेजवर १५ इंच व्हॅक्यूमपर्यंत ओढा आणि सोडून द्या. काटा एक मिनिट जागचा हलला नाही तर तो डबा चांगला. सावकाश उतरला तर डबा किंवा मधला जोड, काटा वरच जात नसेल तर डबा फाटलेला. कुठल्या नळीला कुठली झडप ते कागदावर लिहीत जा, डोक्यात ठेवू नका. आणि जाळीतून काळे कण उडत असतील तर ते झडपांच्या कडांचा फोम, कुजून पावडर झालेला. झडप मिटते पण कडेने हवा निसटते.

गंजकापत्रा:
सहापैकी पाच धरतात. सहावा, मधल्या जाळीचा, पंप मारतोय मारतोय, काटा शून्यावरच. आणि तो नेमका डॅशच्या पोटात. वाटलंच होतं.

अजून एक प्रश्न. आत गॅस कुठला आहे तेच माहीत नाही. मूळ गाडी आर-१२ या जुन्या गॅसची, पण गॅस भरायच्या तोंडांवर कुणीतरी अडॅप्टर बसवलेत, स्टिकर काही नाही.

हवाबाण:
काही लोक गॅसच्या सिलेंडरमधला प्रोपेन-ब्यूटेन भरतात, म्हणे जास्त गार होतं.

जुनंखोड:
गार होतं, आणि एव्हापोरेटर केबिनच्या आत असतो आणि गळती त्यालाही होते, म्हणजे गळालेला ज्वलनशील गॅस तुमच्या मांडीवर. नको.

गंजकापत्रा, अडॅप्टर म्हणजे बहुधा १३४ए वर नेलेली आहे, पण नीट नेली का देव जाणे, आणि मिसळ झालेली असू शकते. हवेत सोडू नका, मशीन असलेल्याकडून काढून घ्या, आणि तो मिसळ असू शकतो हे त्याला आधी सांगा, नाहीतर त्याचा चांगला साठा नासेल. आर-१२ वर परत जायचं तर ओझोन वाचवायचा मॉन्ट्रियल करार झाला १९८७ साली, त्यानुसार विकसित देशांत उत्पादन १९९५ अखेर थांबलं आणि बाकीच्यांकडे २०१० पर्यंत, त्यामुळे आता मिळतो तो जुना साठा किंवा काढून शुद्ध केलेला.

१३४ए वर राहायचं ठरलं तर तेलाकडे बघा. आर-१२ चं खनिज तेल १३४ए मध्ये विरघळत नाही, ते कुठेतरी साचून बसतं आणि तुमच्या त्या बिनटाकीच्या कंप्रेसरला कोरडं पाडतं. जमेल तेवढं काढून एस्टर तेल घाला, थोडं जुनं राहिलं तरी ते सांभाळून घेतं. ओ-रिंग नव्या, ड्रायर नवा आणि १३४ए ला चालणारा, आणि त्याची बुचं अगदी शेवटी काढायची, हवेतली ओल तो मिनिटामिनिटाला पितो. व्हॅक्यूम पंप निदान पाऊण तास. २९ इंच व्हॅक्यूमला पाणी २५ अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणून आतली ओल वाफ होऊन निघते. मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसा. हलला तर गॅस भरायचा नाही.

भरताना वजनाने, मूळ आर-१२ च्या ८० ते ८५ टक्के. जास्त भरलं की जास्त गार हा गैरसमज आहे, उलट हाय साइडचं (कंप्रेसरनंतरच्या बाजूचं) प्रेशर चढतं आणि गर्दीत उभी असताना हवा कोमट.

नटबोल्ट:
यात एक भर घालतो, यावेळी हरणार नाही. एक्सपान्शन व्हॉल्व्हचा जो तांब्याचा बल्ब एव्हापोरेटरच्या बाहेर पडणाऱ्या नळीला बांधलेला असतो, त्याच्यावर कॉर्कची चिकट पट्टी परत गुंडाळा. लोक जुनी काढतात आणि तसंच सोडतात. उघडा बल्ब आजूबाजूची गरम हवा मोजतो आणि व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडतो.

जुनंखोड:
हा जिंकलात.

गंजकापत्रा:
मंडळी, अपडेट. उशीर झाला कारण ड्रायर दोनदा चुकीचा आला.

गॅस काढला, मशीनने मिसळच दाखवली. तेल काढलं तर त्यात मागच्या कुणीतरी गळती शोधायला टाकलेला हिरवा डाय (रंग), आणि कंप्रेसरच्या पोटावरच्या सांध्याभोवती तोच हिरवा रंग, म्हणजे हळूहळू गळत होताच. गॅस कमी पडून स्विच कट करायचा तो याचसाठी, आणि मी त्याचं तोंड वायर घालून बंद केलेलं. सील बदलले, कंप्रेसर तोच ठेवला. व्हॅक्यूमला काटा अर्धा तास हलला नाही, मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो, घरचे दोनदा येऊन बघून गेले.

आता हीटरच्या नळ्या मूळ जागी, नवा डायफ्रॅम, नवा रेझिस्टर, सगळ्या स्पीड चालू. इंजिन पूर्ण तापलेलं असताना जाळीत ७ अंश, सिग्नलला उभी असताना १२ पर्यंत जातं, चालू पडली की परत खाली. आणि बटण गरमवर टाकलं की गरम, थंडवर टाकलं की थंड, हे इतकं साधं वाक्य लिहायला मला तीन महिने लागले. किल्ली फिरवली की इंजिन जागच्या जागी बंद.

स्पॅनरवाली:
अभिनंदन दादा! पण इंजिन जागच्या जागी बंद म्हणजे सहावा डबा पण बदललात? डॅश काढलात?

गंजकापत्रा:
नाही. त्याच्या नळीला बूच मारलंय. आणि मधली झडप जाळीतून हात घालून उघडी केली आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून अडकवलीय. बाहेरून दिसत नाही.

जुनंखोड:
किती दिवस?

गंजकापत्रा:
काका, खरं सांगू, सहा आठवडे झाले.

चौथागिअर:
चिमट्याचा फोटो टाक. माझी पण मधली झडप उघडत नाही.